प्लिंथची उंची

फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करण्याचे माझे ते अकरावे वर्ष होते. सकाळी बाह्यरुग्ण विभागात पाठ, मान, खांदे यांच्या तक्रारी घेऊन येणारे रुग्ण आणि दुपारनंतर पक्षाघात झालेल्या किंवा मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांचे पुनर्वसन, असा माझा दिवस विभागलेला असे. एका सकाळी पालथ्या झोपलेल्या रुग्णाच्या कमरेच्या मणक्यावर दोन्ही अंगठे ठेवून मी लयीत दाब देत होते आणि चौथ्या-पाचव्या दाबालाच उजव्या अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ उठली की हात आपोआप मागे आला. रुग्णाला वाटले उपचार संपला. मी अंगठ्यांऐवजी तळहाताची कड वापरून उरलेला उपचार पूर्ण केला आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. खरे तर ती कळ नवी नव्हती. त्याआधी कित्येक आठवडे बाटलीचे झाकण उघडताना, किल्ली फिरवताना, ओले कपडे पिळताना ती येत होती आणि जात होती, आणि ती येते हे मी स्वतःलाही धडपणे सांगितलेले नव्हते.

त्यानंतरचे पाच महिने मी जे केले, ते एखाद्या रुग्णाने केले असते तर मी त्याला समजावून सांगितले असते की हे बरोबर नाही. उजवा अंगठा दुखतो म्हणून डाव्याने जोर लावू लागले आणि सहा आठवड्यांत डावाही कुरकुरू लागला. रात्री मनगटाला पट्टा बांधत असे आणि सकाळी कामावर येण्यापूर्वी तो काढून ठेवत असे. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला वाकवण्याची चाचणी मी स्वतःवर करून पाहिली. ती स्पष्ट दुखली. तेव्हा माझे ज्ञान माझ्या मदतीला आले, पण चुकीच्या दिशेने. ही चाचणी निरोगी माणसालाही पुष्कळदा दुखते हे मला ठाऊक होते, म्हणून तो निष्कर्ष मी बाजूला सारला. शरीरशास्त्राची माहिती असलेल्या माणसाला स्वतःचे दुखणे नाकारण्यासाठी अधिक चांगली कारणे सापडतात, हे मला तेव्हा दिसले नाही.

एक भीतीही होती, आणि ती सांगितल्याशिवाय हे कथन प्रामाणिक होणार नाही. दुसऱ्यांच्या सांध्यांना बरे करणारी व्यक्ती स्वतःचे सांधे सांभाळू शकत नाही, असे सहकाऱ्यांना आणि रुग्णांना वाटेल, या विचाराने मी गप्प होते. आमच्या विभागात कोणी दुखण्याबद्दल बोलत नसे. दुपारी कंबरेवर हात ठेवून मागे वाकणारे, खांदा गोल फिरवत उभे राहणारे सहकारी मला रोज दिसत होते. पण ते सगळे थकव्याचे नेहमीचे हावभाव समजायचे, असा जणू अलिखित करारच होता.

तो करार मोडला तो अंगठ्यामुळे नव्हे, कंबरेमुळे. दुपारच्या सत्रात उजव्या अंगाचा पक्षाघात झालेल्या एका रुग्णाला मी पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवत होते. वजनाने ते माझ्या दीडपट तरी असतील. आदल्या दिवशी त्यांनी पायावर चांगले वजन घेतले होते, म्हणून मी कोणाला मदतीला बोलावले नाही. अर्ध्यावर वळत असताना त्यांचा कमजोर गुडघा एकदम वाकला, घाबरून त्यांनी निरोगी हाताने माझी मान पकडली आणि त्यांचा सगळा भार मी वाकलेल्या आणि वळलेल्या स्थितीत पेलला. ते खुर्चीत सुरक्षित बसले. मला त्या क्षणी काही जाणवलेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र अंथरुणातून उठताना मला कुशीवर होऊन, हाताने रेटा देऊन बसावे लागले. म्हणजे मी रुग्णांना शिकवते तसेच.

आमच्या विभागातील ज्येष्ठ मॅडमकडे मी त्या दिवशी रुग्ण म्हणून गेले. त्यांनी मला कंबरेआधी अंगठ्याबद्दल विचारले, कारण मी पेन तिसऱ्याच पद्धतीने धरते आहे हे त्यांच्या लक्षात आले होते. त्यांनी ती चाचणी स्वतःच्या हाताने, मूळ पद्धतीप्रमाणे केली, म्हणजे माझा अंगठा धरून मनगट करंगळीकडे ओढले. मनगटाच्या कडेला, हाडाच्या उंचवट्यावर, जिथे अंगठा बाहेर नेणाऱ्या आणि सरळ करणाऱ्या स्नायूंचे दोन टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, एकाच अरुंद बोगद्यातून जातात, तिथे मला असह्य कळ आली. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द करव्हेन यांनी १८९५ मध्ये वर्णन केलेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा हा विकार मी वर्षानुवर्षे इतरांच्या हातात ओळखत आले होते. त्याखेरीज अंगठ्याच्या मुळाशी असलेला खोगिराच्या आकाराचा सांधाही सैल आणि हुळहुळा झाला होता. कंबरेत मात्र काळजीचे कारण नव्हते. पायात कळ जात नव्हती, मुंग्या नव्हत्या, स्नायूंची ताकद आणि प्रतिक्षिप्त क्रिया ठीक होत्या, त्यामुळे एमआरआयची गरज नव्हती. झेपेल तितकी हालचाल चालू ठेवायची, एवढेच.

तपासणी संपल्यावर मॅडम म्हणाल्या, “तुझ्या हाताचे काय करायचे ते आपल्या दोघींना माहीत आहे. तो असा का झाला ते आधी शोधू. दोन आठवडे तू दिवसभरात काय काय करतेस ते लिहून आण. रुग्णाचे निदान लिहू नकोस, तुझे शरीर काय करत होते ते लिही.”

ही नोंदवही माझ्या सगळ्या प्रक्रियेचा कणा ठरली, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. प्रत्येक रुग्णानंतर अर्धा मिनिट काढून मी चार गोष्टी टिपत असे: मी उभी होते की बसलेली, पाठ किती वाकलेली होती, हाताचा कोणता भाग वापरला आणि किती वेळ. दिवसाच्या शेवटी नॉर्डिक प्रश्नावलीच्या आकृतीवर दुखणाऱ्या जागा रंगवायच्या. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीत शरीराचे मानेपासून पावलांपर्यंत नऊ भाग केलेले आहेत आणि गेल्या बारा महिन्यांत व गेल्या सात दिवसांत त्या प्रत्येक भागाला काही त्रास झाला का, असे विचारलेले आहे. मी पहिल्यांदा ती भरली तेव्हा नऊपैकी पाच भाग रंगले. त्या दिवसापर्यंत मला कोणी विचारले असते तर मी एकच भाग सांगितला असता.

पहिल्याच आठवड्यात अंगठ्याचा हिशेब लागला. मणक्यावर लयीत दाब देताना सेकंदाला साधारण दोन दाब, एका फेरीत अर्धा मिनिट, आणि एका रुग्णाला तीन फेऱ्या, म्हणजे १८० दाब. अशा उपचाराचे सहा रुग्ण एका सकाळी असत, आणि तेही बहुधा सलग. दुपार होण्याआधीच माझ्या अंगठ्यांनी हजाराहून अधिक वेळा जोर लावलेला असे. चिमटीच्या टोकाशी १ किलोचा जोर लावला तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार येतो, हे कुनी आणि चाओ यांनी १९७७ मध्ये गणिताने दाखवले होते. मणक्यावरचा दाब आणि चिमूट या क्रिया एकच नाहीत, पण टोकाशी लावलेला जोर मुळाशी कित्येक पटींनी वाढतो हे तत्त्व दोन्हीकडे लागू पडते. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना संधिवाताचा रुग्ण समजावताना वापरत असे. स्वतःच्या सकाळच्या हजार दाबांशी त्याचा संबंध मी कधीच जोडलेला नव्हता.

दुसरा हिशेब कंबरेचा होता, आणि त्याने मला अधिक चकित केले. रुग्णाला उचलणे हेच कंबरेवरचे मोठे ओझे आहे, असे मी समजून चालले होते. नोंदवहीत मात्र उचलण्याचे प्रसंग दिवसाला चार-पाचच निघाले. त्याहून कितीतरी अधिक वेळ मी रुग्णाचा पाय हवेत धरून उभी असे: मांडीमागचे स्नायू ताणताना, नितंबाची हालचाल देताना, कमजोर पायाला व्यायाम करवताना. माणसाचा एक संपूर्ण पाय त्याच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के असतो. ८० किलो वजनाच्या रुग्णाचा पाय म्हणजे जवळजवळ १३ किलो, आणि तो मी शरीरापासून हातभर लांब, वाकून, अर्धा-अर्धा मिनिट धरून ठेवत होते. त्याला मी कधी वजन मानलेच नव्हते, कारण तो पाय होता.

मग एका सहकाऱ्याने रुग्णांची परवानगी घेऊन माझ्या कामाचे छोटे व्हिडिओ काढले आणि मॅडमसोबत आम्ही ते रीबा या पद्धतीने तपासले. हिग्नेट आणि मॅकअटॅम्नी यांनी २००० मध्ये मांडलेल्या या पद्धतीत मान, धड, पाय आणि हात यांच्या स्थितीला गुण देतात, त्यात भार, पकड आणि हालचालीचा प्रकार मिळवतात आणि शेवटी १ ते १५ मधला एक आकडा मिळतो. आठपासून पुढे धोका मोठा, अकरा किंवा त्याहून अधिक आला तर काम लगेच बदलावे असा अर्थ होतो. रुग्णाला खुर्चीत बसवतानाच्या माझ्या स्थितीला १२ गुण आले. ते अपेक्षित होते. मणक्यावर दाब देतानाच्या स्थितीला ९ आले, आणि ते पाहून मी गप्प झाले. मला ते काम सुरक्षित, जवळजवळ निवांत वाटत असे. पण व्हिडिओत माझी मान खाली झुकलेली, खांदे कानाकडे चढलेले आणि धड एका बाजूला वळलेले दिसत होते. एकाच स्थितीत मिनिटाहून अधिक वेळ राहणे आणि मिनिटाला चारपेक्षा अधिक वेळा तीच छोटी हालचाल करणे, या दोन्हींसाठी प्रत्येकी एक गुण वाढतो. मी दोन्ही करत होते.

आणि व्हिडिओत आणखी एक गोष्ट दिसत होती, जिच्यावरून या लेखाला नाव दिले आहे. उपचाराचा पलंग, ज्याला आम्ही प्लिंथ म्हणतो, तो प्रत्येक चित्रीकरणात एकाच उंचीवर होता. आमच्याकडचे प्लिंथ हाताने मूठ फिरवून वरखाली करता येण्याजोगे होते. त्यांतल्या दोन प्लिंथच्या मुठी घट्ट बसल्या होत्या आणि तिसऱ्याची फिरत असे, पण वेळ लागत असे. माझी उंची पाच फूट एक इंच आहे आणि माझ्याआधी तोच प्लिंथ वापरणारे सहकारी सहा फुटांच्या आसपास. त्यांनी सोडलेल्या उंचीवर मी वर्षानुवर्षे काम करत होते, आणि अंगठ्यांनी दाब देताना खांदे उचलून, कोपरे वाकवून, शरीराचे वजन वापरण्याऐवजी हातांच्या छोट्या स्नायूंनी जोर लावत होते. मला एखादी योग्य उंची ठाऊक नव्हती असे नाही. वजन वापरून दाब द्यायचा असेल तर पलंग मांडीच्या मध्यापाशी, सरळ सोडलेल्या हाताच्या मुठीच्या पातळीवर असावा आणि बारीक, कमी जोराच्या कामासाठी तो कोपराच्या जवळपास वर घ्यावा, हे मी परीक्षेत लिहिले होते. पण बाहेर रुग्ण थांबलेले असताना तीस सेकंद मूठ फिरवत बसणे मला रुग्णाचा वेळ वाया घालवल्यासारखे वाटे.

उपचाराचा भाग मी थोडक्यात सांगते, कारण त्यात विशेष असे काही नाही. अंगठा आणि मनगट स्थिर ठेवणारा स्प्लिंट, सहा आठवडे अंगठ्याच्या जोराचे काम पूर्ण बंद, महिनाभरानंतरही सूज कमी न झाल्याने अस्थिरोगतज्ज्ञांकडून एक स्टेरॉइडचे इंजेक्शन, नंतर आधी हालचालीविना जोर लावण्याचे आणि मग हळूहळू वजनाचे व्यायाम. कंबर तीन आठवड्यांत बरीच सुधारली. त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम सुरू केले: १० किलोपासून सुरुवात करून वजन जमिनीवरून उचलणे, बैठका, ओढण्याचे व्यायाम. रुग्णांना ताकद वाढवण्याचे महत्त्व सांगणाऱ्या मी त्याआधी चालण्यापलीकडे स्वतः काही केलेले नव्हते. या व्यायामांनी मला खूप बरे वाटले आणि ते आजही चालू आहेत. मात्र त्यांच्या भरवशावर कोणी माणसे उचलू नयेत, हे मी आग्रहाने सांगते. ८० किलोचा माणूस रोज सुरक्षितपणे पेलण्याइतके बळकट कोणाला करता येत नाही, आणि रुग्ण हा दोन्ही हातांत जवळ धरून उचलता येणारा खोका नसतो. तो हलतो, घाबरतो, मध्येच गुडघ्यात वाकतो.

त्या सहा आठवड्यांत जे घडले त्याने माझा विचार बदलला. माझे हाताच्या जोराचे रुग्ण आणि वजनदार रुग्ण इतरांकडे गेले. वाटप कोणी ठरवून केले नव्हते. जो नाही म्हणू शकत नाही त्याच्याकडे काम सरकते, तसे ते सरकले आणि त्यातले बरेचसे आमच्या सर्वांत तरुण सहकारी मुलीकडे गेले. तिला कामाला लागून दीड वर्ष झाले होते. पाचव्या आठवड्यात ती माझ्याकडे आली आणि आवाज खाली करून म्हणाली, “ताई, तुम्हाला सुरुवातीला मनगटात नक्की कुठे दुखायचे?” तिने दाखवलेली जागा माझीच जागा होती. मी स्वतःचा हात वाचवत होते आणि तेच दुखणे जसेच्या तसे दुसऱ्या हातात जात होते. माझ्या जागी दुसरी व्यक्ती उभी केली, पण पलंगाची उंची, रुग्णांचा क्रम आणि दिवसाचे हजार दाब तेच राहिले, तर दुसरे काय होणार होते?

तोपर्यंत मी या विषयावरचे शोधनिबंध वाचायला लागले होते. ऑस्ट्रेलियातील फिजिओथेरपिस्टांची एक पाहणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ९१ टक्के जणांनी कामामुळे स्नायू-सांध्यांचा त्रास कधी ना कधी झाल्याचे सांगितले होते. सर्वाधिक त्रास कंबरेचा होता, आणि दर सहा जणांपैकी एकाने त्यापायी कामाचे क्षेत्र बदलले होते किंवा व्यवसायच सोडला होता. तरुण फिजिओथेरपिस्टांना, विशेषतः पहिल्या पाच वर्षांत, हा त्रास अधिक होतो असेही अशा पाहण्यांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. ते वाचताना मला एकटेपणातून सुटल्यासारखे वाटले आणि त्याच वेळी रागही आला, कारण हे सगळे मी व्यवसायात येण्याच्या कितीतरी आधी छापून आलेले होते आणि माझ्या शिक्षणात त्याचा उल्लेख एका व्याख्यानापुरता, तोही ‘गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा’ एवढ्यावर संपला होता.

या सल्ल्याबद्दल मला थोडे बोलायचे आहे. तो खोटा नाही. विल्के आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एका स्वयंसेवकाच्या कमरेतील दोन मणक्यांमधल्या चकतीत दाबमापक बसवून मोजले, तेव्हा नुसते उभे असताना दाब सुमारे ०.५ मेगापास्कल होता, पुढे वाकल्यावर १.१ आणि २० किलो वजन पाठ गोल करून उचलताना २.३ झाला, तेच वजन शरीराजवळ धरल्यावर तो पुन्हा १.१ च्या आसपास आला. मोजमाप एकाच माणसाचे आहे, पण दिशा स्पष्ट आहे. अडचण अशी की रुग्णाला उचलताना ही आदर्श स्थिती मिळतच नाही. मॅरस आणि सहकाऱ्यांनी, त्याच वर्षी, रुग्णांना हाताने हलवतानाचा कण्यावरचा भार तपासला आणि दोघांनी मिळून उचलले तरीही धोका मोठाच राहतो असे त्यांना आढळले. उचलण्याचे तंत्र शिकवल्याने तेवढ्यानेच कंबरदुखी टळते, याला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. म्हणजे आधी उचलणेच टाळता येईल का ते पाहायचे, मग साधने, मग कामाची मांडणी, आणि तंत्र सर्वांत शेवटी. आम्ही हा क्रम उलटा लावला होता आणि तंत्रावरच थांबलो होतो.

मॅडमनी विभागाच्या बैठकीत हा विषय ठेवला आणि मी माझी नोंदवही व व्हिडिओ दाखवले. स्वतःची ९ आणि १२ गुणांची चित्रे सर्वांसमोर लावताना माझा घसा कोरडा पडला होता. पण ती पाहून झाल्यावर एकेक जण बोलू लागला. सर्वांत उंच सहकाऱ्यांची मान दुखत होती, कारण दुपारच्या सत्रातले पलंग त्यांच्यासाठी फार खाली होते. दुसऱ्या एका सहकाऱ्याने खांद्याचे इंजेक्शन घेतले होते आणि कोणाला सांगितले नव्हते. आम्ही सात जण होतो. त्या दिवशी सर्वांनी प्रश्नावली भरली आणि सातही जणांनी कुठला ना कुठला भाग रंगवला होता.

त्यानंतरचे बदल भराभर झाले असे मुळीच नाही. प्लिंथच्या मुठी दुरुस्त व्हायला दोन महिने लागले. खर्च नगण्य होता, पण ‘चालतंय ना’ या उत्तराला पार करायला नोंदवही तीनदा दाखवावी लागली. रुग्णाला न उचलता सरकवण्याची गुळगुळीत चादर म्हणजे स्लाइड शीट, सरकपट्टी आणि कंबरेला बांधायचे पकडपट्टे लवकर मिळाले. उभे राहायला मदत करणारा हॉइस्ट, म्हणजे रुग्णाला झोळीत घेऊन उचलणारे यंत्र, मिळायला वर्ष गेले, आणि त्याला विरोध व्यवस्थापनाकडून झाला त्यापेक्षा आमच्यातूनच अधिक झाला. पुनर्वसनात रुग्णाने स्वतः हालचाल करायची असते, यंत्राने उचलले तर त्याचा व्यायाम काय होणार, हा आक्षेप खरा होता आणि त्याला खरे उत्तर शोधावे लागले. आम्ही असे ठरवले की प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला रुग्ण आज किती वजन पायावर घेऊ शकतो, सांगितलेले समजून त्याप्रमाणे करू शकतो का आणि बसल्यावर तोल सांभाळतो का, हे तपासायचे. कालची नोंद गृहीत धरायची नाही. यांपैकी कशाचीही खात्री नसेल तर पलंग ते खुर्ची हे स्थलांतर यंत्राने करायचे आणि वाचलेली शक्ती व वेळ व्यायामासाठी वापरायचा. पहिल्या आठवड्यात झोळी नीट बसवायलाच आम्हाला बारा-तेरा मिनिटे लागत. महिन्याभरात ते पाचावर आले. ज्या रुग्णाला आम्ही दोघे मिळून घामाघूम होत तीन वेळा उभे करत असू, तो आधार मिळाल्यावर एका सत्रात दहा-बारा वेळा उठू-बसू लागला. हे पाहिल्यावर आक्षेप घेणाऱ्यांनीच इतरांना झोळी बांधायला शिकवले.

हाताच्या कामात मला अधिक खोलवर बदलावे लागले. अंगठे वापरायचेच असतील तर एकावर दुसरा ठेवून, टोकाचा सांधा मागे मोडू न देता, बोटांचा आधार देऊन. शक्य असेल तिथे तळहाताची कड किंवा कोपर. सांध्याला ताण देताना हातांऐवजी नितंबाभोवती घेतलेला पट्टा, म्हणजे जोर माझ्या पायांतून यावा. पाय ताणताना तो खांद्यावर घेऊन किंवा झोक्याच्या पट्ट्यात टांगून. ही तंत्रे शिकायला अवघड नव्हती. अवघड होता तो एक प्रश्न, जो मी नोंदवही चाळताना टाळत होते: या सहा रुग्णांना रोज हाताने एवढा उपचार खरोखर हवा होता का? प्रामाणिकपणे पाहिले तेव्हा सहांपैकी तिघांना व्यायाम, समजावून सांगणे आणि स्वतः करता येतील अशा हालचाली अधिक उपयोगी पडल्या असत्या. हात लावला नाही तर रुग्णाला उपचार झाल्यासारखे वाटणार नाही, ही माझीच समजूत होती, आणि तिच्याखाली आणखी एक भावना होती: माझे हात थकले तरच मी पुरेसे दिले, असे मला वाटत असे. ही भावना वाईट नाही. रुग्णावरच्या मायेतून ती येते. पण तिने माझे हात संपवत आणले होते आणि रुग्णांना माझ्यावर अवलंबून ठेवले होते.

रुग्णांच्या क्रमाचा बदल सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत गुणकारी ठरला. आता हाताच्या जोराचे दोनपेक्षा अधिक रुग्ण सलग येत नाहीत. मध्ये व्यायामाचा किंवा चालण्याच्या सरावाचा रुग्ण असतो. दोन अवघड स्थलांतरे एकामागोमाग ठेवली जात नाहीत आणि ती ज्या वेळी असतात त्या वेळी दुसरी व्यक्ती मोकळी असेल, हे आदल्या दिवशीच पाहिले जाते. दुखावलेल्या सहकाऱ्याचे काम कोणाकडे जाणार हे लिहून ठरते आणि दर आठवड्याला बदलते. नोंदीसाठी एक वही ठेवली आहे. तिच्यात दुखणे, जागा, कधीपासून आणि कोणत्या कामाने वाढते, एवढेच लिहायचे. ‘चूक कोणाची’ असा रकाना तिच्यात नाही, आणि तो नसावा म्हणून मॅडमनी बराच वाद घातला होता.

माझ्या त्या दुखण्याला आता तीन वर्षे झाली. अंगठ्याच्या मुळाचा सांधा पूर्वीसारखा झालेला नाही. फार दाब दिला तर संध्याकाळी तो जाणवतो आणि त्या आठवड्याची माझी यादी मी बदलून घेते. रीबाचे गुण आम्ही दर सहा महिन्यांनी पुन्हा काढतो. मणक्यावरच्या दाबाचे माझे गुण ९ वरून ४ वर आले आहेत. त्यातला मोठा भाग पलंगाच्या उंचीचा आहे. विद्यार्थी कामाला येतात तेव्हा पहिल्या दिवशी मी त्यांना मूठ फिरवायला लावते आणि रुग्ण आत येण्यापूर्वी पलंग स्वतःच्या उंचीवर आणल्याशिवाय हात लावू देत नाही. बहुतेक जण बाहेरच्या रांगेकडे पाहतात. मी त्यांना घाई करू देत नाही.

त्या तरुण सहकारी मुलीचे मनगट स्प्लिंट आणि कामाच्या बदललेल्या यादीवर दोन महिन्यांत बरे झाले. गेल्या महिन्यात वहीत तिची नवी नोंद दिसली: डाव्या खांद्यात, कालपासून, उंच रुग्णाचा हात वर धरून ठेवताना. नोंद सोमवारी झाली होती. मंगळवारी आम्ही दोघींनी त्या रुग्णाला बसवून, हात मेजावर टेकवून व्यायाम करवून पाहिला, आणि बुधवारपासून तिच्या यादीत तो बदल लागू झाला.